एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा बेस कॅम्प? दोन्ही चालून आल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. हिमालयात पहिल्यांदाच मोठं चालायला निघाला असाल आणि सुट्टी दहा-बारा दिवसांचीच असेल, तर अन्नपूर्णा बेस कॅम्पला जा. सलग अडीच आठवडे काढता येत असतील आणि त्यातले दोन-तीन दिवस नुसती विमानाची वाट बघण्यात गेले तरी जीव वरखाली होणार नसेल, तर एव्हरेस्ट बेस कॅम्प. एव्हरेस्ट दहा दिवसांत बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

नाशिकला माझं मेडिकलचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर डायमॉक्सची (उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांची) पट्टी, ओआरएस आणि गुडघ्याचा पट्टा असं एकदम मागणारं गिऱ्हाईक आलं की मला कळतं, नेपाळची तयारी चालली आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तुमचं दोन्ही झालंय ना? मग कुठलं करू?" मागे गिऱ्हाइकांची रांग असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प मी नाशिकच्याच एका ग्रुपबरोबर ऑक्टोबरात केला. अन्नपूर्णेला एप्रिलात भाचीबरोबर गेले. आम्ही दोघी, एक गुरुंग गाईड दिदी आणि एक पोर्टर, एवढेच. माझं वय पन्नाशीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, गुडघे अजून साथ देतायत. माझं मत वाचताना एवढं लक्षात असू द्या.

सह्याद्रीत चालणाऱ्यांचे पाय तयार असतात, दम तयार नसतो. हरिहरच्या पायऱ्या, साल्हेरची चढण, कळसूबाईच्या शिड्या करून करून मांड्या घट्ट होतात, पण कळसूबाईची उंची आहे १,६४६ मीटर. लुक्लाला विमानातून उतरतो तेव्हाच आपण तिच्यापेक्षा बाराशे मीटर वर असतो, तेही एक पाऊल न चालता. तिथून एव्हरेस्टची वाट ५,३६४ मीटरपर्यंत चढत जाते. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे आणि तिथे साधारण साठ टक्के मिळतो. कागदावर हा फरक थोडा वाटतो. अंगावर येतो तो रात्री: डोळा लागता लागता श्वास अडकल्यासारखा होऊन माणूस दचकून उठतो, आणि हे पहाटेपर्यंत चालतं. गोरक्षेपला (५,१६४ मीटर) आमच्या ग्रुपमधलं जवळजवळ कुणीच धड झोपलं नव्हतं. अन्नपूर्णेला भाची घोरत होती.

पायांचा हिशोब मात्र उलटा आहे. एव्हरेस्टची वाट रुंद आणि बऱ्यापैकी सौम्य. नामचेची चढण सोडली तर गुडघ्यांना त्रास कमी. अन्नपूर्णेला दगडी पायऱ्या आहेत, आणि त्या संपता संपत नाहीत. छोमरोंग गावातून पायऱ्यांनी पार ओढ्यापर्यंत उतरायचं आणि समोरच्या सिनुवाला तेवढंच पुन्हा चढायचं. परतीच्या दिवशी, पाय थकलेले असताना, तीच चढण छोमरोंगकडे. गुडघ्याची गादी झिजली आहे असं डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाला मी अन्नपूर्णा सुचवत नाही. सुचवलीच तर दोन काठ्या आणि जास्तीचा एक दिवस घेऊन. बाकी ज्याला सिंहगड-राजगडाची सवय आहे, त्याला या पायऱ्या ओळखीच्या वाटतील.

आता लुक्ला. एव्हरेस्टबद्दल मनात धास्ती असते ती उंचीची, पण बेत कोलमडतात ते या विमानापायी. धावपट्टी फक्त ५२७ मीटरची आणि तीही तिरकी: विमान चढावर उतरतं आणि उताराकडे उडतं. हवा सकाळी मोकळी असते, दुपारपर्यंत ढग भरून येतात आणि मग त्या दिवसाचं काम संपतं. त्यात हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूहून होतच नाहीत, रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. म्हणजे मध्यरात्री एक-दोनला काठमांडू सोडायचं, चार-पाच तास वळणं घेत जायचं आणि उजाडता उजाडता रांगेत उभं राहायचं. परतताना आम्ही लुक्लात अडकलो. लॉजच्या खिडकीतून ढग बघत बसायचं, मधेच कुणीतरी "विमान आलं" म्हणून ओरडायचं आणि सगळे सॅक उचलून धावायचे, की ते निघायचं मालवाहू हेलिकॉप्टर. मुंबईच्या तिकिटाला दोन दिवसांची फट ठेवली होती म्हणून निभावलं. पुढची विमानं चुकलेली माणसं आमच्या शेजारी बसून फोनवर रडकुंडीला आली होती. विमान नकोच असेल तर सल्लेरीपर्यंत जीपने जाऊन तिथून चालता येतं, पण दिवस वाढतात.

अन्नपूर्णेला ही भानगडच नाही. पोखऱ्याहून सकाळी जीपमध्ये बसलो आणि दुपारच्या आत मोदी खोला नदीच्या काठाने चालायला लागलो. बजेट बेताचं असेल तर नाशिकरोडहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत; तिथून सोनौलीची सीमा ओलांडून बसने पोखरा. दमवणारा प्रवास आहे, पण तिकिटाचे पैसे बरेच वाचतात. विमानाचा खर्च आणि जास्तीचे मुक्काम धरून मला एव्हरेस्ट अन्नपूर्णेच्या जवळजवळ दुप्पट पडलं.

एव्हरेस्टच्या वाटेवर काय आवडलं, तेही मनापासून सांगते. नामचे बाजार (३,४४० मीटर) आवडलं. डोंगराच्या कुशीत अर्धवर्तुळात चढत गेलेली घरं, बेकऱ्या, उपकरणांची दुकानं, आणि मला धंद्याच्या नजरेने बघायला मिळालेली औषधांची दुकानं; डायमॉक्स तिथेही मिळतं. तेंगबोचेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आवडला. १९३४ च्या भूकंपात तो पडला, पुन्हा उभा राहिला, १९८९ मध्ये जळला, आणि परत बांधला गेला. संध्याकाळच्या पूजेला आम्ही मागे भिंतीशी बसलो होतो. एक बाल-लामा पाठ म्हणता म्हणता पेंगायचा आणि शेजारचा मोठा लामा त्याला कोपराने ढोसायचा. डिंगबोचेहून मी मुद्दाम टेकडी ओलांडून फेरिचेला गेले. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासून चालू असलेला, आणि हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासाबद्दल सगळ्यांना समजावून सांगतात. त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात कामाचा भाग असा: उंचीवर काहीही दुखलंखुपलं तरी आधी ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही, आणि दुखणं वाढत असेल तर खाली उतरायचं, सकाळची वाट न बघता.

आणि मग खुद्द बेस कॅम्प. इथे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण जाण्याआधी हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं: एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. समोर नुप्त्से शिखर आणि एव्हरेस्टचाच पश्चिमेकडचा खांदा आडवा येतो. ऑक्टोबरात तिथे मोहिमांचे तंबूही नसतात, त्या येतात एप्रिल-मेमध्ये. दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी, पताका, नाव रंगवलेला मोठा दगड आणि त्याच्यापुढे फोटोची रांग. खुंबूचा हिमप्रपात मात्र बघण्यासारखा आहे, निळसर बर्फाच्या इमारतीएवढ्या लाद्या. मधूनच आतून काहीतरी तडकल्याचा आवाज येतो आणि सगळे गप्प होतात. एव्हरेस्ट बघायचं तर काला पत्थरवर (५,५४५ मीटर) चढावं लागतं. बहुतेक ग्रुप तिथे पहाटे नेतात, पण सूर्य तेव्हा एव्हरेस्टच्या मागे असतो. दुपारी उशिरा गेलात तर मावळतीचं ऊन थेट शिखरावर येतं. आम्ही दुपारी गेलो. खालचं सगळं सावलीत गेलं आणि फक्त नुप्त्से आणि एव्हरेस्ट, दोनच शिखरं तांबूस उजळत राहिली. उतरताना अंधार आणि जीवघेणी थंडी होती, पण पुन्हा गेले तर दुपारीच जाईन.

अन्नपूर्णेची वाट मात्र पहिल्या दिवसापासून काही ना काही दाखवत जाते. झिनूचा २८७ मीटर लांबीचा झुलता पूल, खाली नदीकाठी गरम पाण्याची कुंडं (ती परतीसाठी राखून ठेवा, तेव्हा त्यांची खरी किंमत कळते), मग गुरुंग समाजाची दगडी घरं आणि टप्प्याटप्प्यांची शेतं. सिनुवाच्या पुढे जंगल सुरू होतं. एप्रिलात खालच्या लालीगुरांसचा (ऱ्होडोडेंड्रॉनचा) बहर सरत आला होता आणि वाटेवर लाल पाकळ्यांचा सडा होता. वरच्या झाडांवर अजून फुलं होती. बांबू, दोभान, हिमालय, देउराली, अशी लॉजची ठिकाणं ओळीने येतात. दर टप्प्याला झाडी बदलते, देउरालीला झाडं संपतात आणि गवत आणि कातळ उरतो. भाताच्या खाचरांपासून बर्फापर्यंत इतक्या थोड्या दिवसांत पायी जाता येतं, हे मला खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, मिळालं नव्हतं. तिथे नामचेच्या पुढे बराच काळ करडा आणि तपकिरी हे दोनच रंग सोबतीला असतात.

या वाटेवरची धोक्याची जागा हिंकू गुहेपासून माछापुच्छ्रे बेस कॅम्पपर्यंत आहे. हिउंचुली शिखराच्या उतारावरून हिमस्खलन येतं आणि ज्या उतारावरून ते येतं तो भाग खालच्या वाटेवरून दिसतच नाही. जानेवारी २०२० मध्ये याच पट्ट्यात कोरियन ट्रेकर आणि त्यांच्याबरोबरचे नेपाळी गाईड सापडून गेले. आमच्या दिदीने आदल्या संध्याकाळी खालीवर जाणाऱ्या प्रत्येक गाईडला गाठून चौकशी केली आणि पहाटे पाचला, बर्फ घट्ट असताना, आम्हाला बाहेर काढलं. त्या तुकड्यात तिने भाचीला फोटोसाठी एकदाही थांबू दिलं नाही. एरवी "बिस्तारै, बिस्तारै" (हळूहळू) म्हणणारी बाई तिथे मात्र "छिटो" (लवकर) म्हणत होती. अशा माणसाला दिलेला पैसा वसूल होतो. एकट्याने, गाईडशिवाय, मार्च-एप्रिलात इथे जाऊ नका.

घळ संपली की एकदम मोकळं होतं आणि चारी बाजूंनी शिखरं उभी राहतात: अन्नपूर्णा दक्षिण ७,२१९ मीटर, हिउंचुली, मुख्य अन्नपूर्णा ८,०९१, आणि मागे वळलं की माछापुच्छ्रे ६,९९३. मान वळवत राहायचं. संध्याकाळी शेवटचं ऊन माछापुच्छ्रेवर पडतं आणि सकाळी पहिलं ऊन अन्नपूर्णेवर, त्यामुळे एक मुक्काम वरच करा. तासाभरात फोटो काढून परत फिरणाऱ्यांचं अर्धं राहून जातं. पहाटे उठून आम्ही लॉजच्या मागच्या उंचवट्यावर उभ्या होतो. आधी टोकाला एक पिवळा ठिपका आला, मग तो भिंतीवरून खाली ओघळायला लागला, आणि भिंत किती मोठी आहे ते तेव्हा कळलं. १९७० मध्ये ब्रिटिश मोहीम मुख्य अन्नपूर्णेची ही दक्षिण भिंत चढून गेली होती, तीच ही. १९५० मध्ये याच शिखरावर माणूस पोचला, आठ हजार मीटरच्या वरचं ते जगात सर्वांत आधी चढलं गेलेलं शिखर. आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक आणि साताऱ्याची प्रियांका मोहिते एप्रिल २०२१ मध्ये उत्तरेच्या बाजूने तिथे पोचले. भाचीला हे सांगितलं तर ती बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिली. माछापुच्छ्रे मात्र पवित्र मानलं जातं, त्यावर चढाईला परवानगी नाही. १९५७ ची मोहीमसुद्धा माथ्याच्या थोडं खाली थांबून परत फिरली होती. एक सूचना: मागच्या उंचवट्याची कड हिमनदीकडे ढासळते आहे. फोटोसाठी कडेला जाऊ नका.

लॉज आणि जेवण दोन्हीकडे साधारण सारखंच. प्लायवूडच्या भिंती, शेजारच्याची खोकल्याची उबळ आपल्या उशाशी, खोली स्वस्त आणि जेवण महाग, आणि जिथे झोपायचं तिथेच जेवायचं हा अलिखित नियम. दाल-भात घ्या, पुन्हा पुन्हा वाढतात. मी घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेते. गरम भातावर ते घातलं की तोंडाची चव गेलेल्या दिवशीही ताट रिकामं होतं. शाकाहारी मंडळींची इथे चैन आहे. छोमरोंगच्या वर मांस न नेण्याची तिथली जुनी प्रथा आहे, आणि खुंबूत जनावर मारत नाहीत, मांस खालून पाठीवरून वर येतं. त्यामुळे एरवी खाणाऱ्यांनीही नामचेच्या वर ते टाळावं हे बरं. मोबाइल चार्ज करायला, आंघोळीच्या गरम पाण्याला, वायफायला वेगळे पैसे पडतात, आणि जितकं वर तितके जास्त. लॉजच्या जेवणघरात मात्र खुंबू वरचढ ठरतं. संध्याकाळी याकच्या शेणाच्या गोवऱ्या घालून मधली शेगडी पेटवली की सगळ्या देशांची माणसं भोवती कोंडाळं करतात. अन्नपूर्णेच्या वरच्या लॉजमध्ये तशी ऊब मला मिळाली नाही.

आता ते दहा दिवसांत एव्हरेस्टवाले. एका गिऱ्हाइकाने मला त्याचं छापील वेळापत्रक दाखवलं. नामचेचा आणि डिंगबोचेचा, दोन्ही विसाव्याचे दिवस उडवलेले, आणि वर खुलासा: "सोबत डायमॉक्स घ्या." हे मला फार लागलं, कारण ती गोळी मी विकते. डायमॉक्स शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला मदत करतं, विसाव्याच्या दिवसाची जागा घेत नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि उंचीवर झोपेची गोळी तर कुणीच आपल्या मनाने घ्यायची नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर हजार मीटरला एक जास्तीची रात्र असावी, हा नियम हातात धरून कुठलंही वेळापत्रक तपासा. हाच नियम अन्नपूर्णेलाही लावा. दोभानहून (२,६०० मीटर) एका दमात बेस कॅम्प गाठणारे ग्रुप मी पाहिले, आणि त्यांच्यातले दोघं रात्री ओकत होते. देउरालीला (३,२३० मीटर) एक रात्र, मग माछापुच्छ्रे बेस कॅम्पला (३,७००) एक, आणि मग वर, हे वेळापत्रक गाईडकडे हट्टाने मागून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, १५ ते ६५ वयातल्यांचं आधार चालत नाही. परमिटला सार्क देशांचा वेगळा, कमी दर आहे. ते फॉर्मवर स्वतः बघून घ्या. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टर दोन्ही धरलेलं आहे का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचा. खुंबूत धूळ आणि कोरडी थंडी यांनी हमखास खोकला धरतो. पहिल्या दिवसापासून नाकतोंडावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) ठेवा, माझ्या दुकानातली कुठलीही बाटली त्याच्याइतकी उपयोगी नाही. आणि याक किंवा खेचरं समोरून आली की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही.

काहींना अन्नपूर्णा कितीही सांगितली तरी एव्हरेस्टच हवं असतं, आणि ते मी समजू शकते. शाळेपासून ऐकलेलं नाव आहे ते. सुट्टी कमी असेल किंवा सोबत साठीच्या पुढचे आई-वडील असतील, तर त्यांना मी तेंगबोचेपर्यंतच (३,८६७ मीटर) जाऊन परत यायला सांगते. नामचेला दोन रात्री, तेंगबोचेला एक. हवा मोकळी असेल तर गोम्पापासून नुप्त्सेच्या कडेच्या मागे एव्हरेस्टचा माथा, शेजारी ल्होत्से आणि उजवीकडे आमा दब्लम, सगळं एका नजरेत येतं. लुक्लासाठीचे दोन मोकळे दिवस मात्र याही बेतात धरायचेच.